खालच्या ओळीची अकरा मिनिटं

१४ जून १९११

चालण्याचं काम आज संपलं. लार्कमेड या नव्या वसाहतीतल्या एकशे बारा घरांपासून शाळा, दुकान आणि गिरणीचं फाटक. गेले नऊ दिवस मी हातात घड्याळ धरून चालते आहे. घरं अजून निम्मीच उभी आहेत, बाकी ठिकाणी चुन्याच्या रेघा आणि खुंट्या. मी खुंटीपाशी उभी राहते, इथे कुणाचं तरी दार असेल असं मनाशी म्हणते आणि निघते. संध्याकाळी ऑफिसात येऊन नकाशावरच्या त्या घराच्या चौकोनात लाल शाईने मिनिटं लिहिते. मिस्टर पार्जेटर म्हणतात, फुटांचा हिशेब मोजणीदाराने ठेवावा, माणसाला अंतर कळतं ते पायांना. घरच्या बाईला पाव आणायला किती वेळ लागेल हे आधी विचारून मग रस्ता आखणारा दुसरा आर्किटेक्ट मी तरी पाहिलेला नाही.

फक्त खालची ओळ राहिली होती, ओढ्याकाठची चौदा स्वस्त घरं. पण ऊन असं की जीव नकोसा झाला, आणि उजव्या टाचेला फोड. ती ओळ मी नकाशावरच उरकली. ओला दोरा वाटेच्या वळणांवर बसवला, मग ताणून पट्टीला लावला आणि माझ्या रोजच्या चालीवरून वेळ काढला. गिरणीपर्यंत अकरा मिनिटं.

आकडे पाहून मिस्टर पार्जेटर खुर्चीतून उठलेच. "मिस डेंट, एकही घर बारा मिनिटांपलीकडे नाही! हे वाक्य वसाहतीच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर जाणार."

दोऱ्याचं सांगायचं राहून गेलं. टाचेला लोणी लावून बसले आहे.

३ जुलै

पत्रक छापून आलं. पहिल्याच पानावर: 'लार्कमेड. एकही घर बारा मिनिटांपलीकडे नाही.' आत नकाशा, हिरवळीला वळसा घालून उतरणारी वाट, आणि माझे आकडे. लाल शाईचे काळे झाले आहेत, पण वळण माझ्याच अक्षराचं. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हातचं काही छापून यायची ही पहिली वेळ. एक प्रत बहिणीला धाडली, दुसरी उशाखाली ठेवली आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

२ सप्टेंबर

खालच्या ओळीत पहिलं कुटुंब आलं. मिसेस क्लेग, ॲनिस क्लेग. नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. हेस्टर नावाची आठ वर्षांची मुलगी आणि एक तान्हं बाळ. ती गिरणीत कताईला आहे. आजवर गावातल्या तळघराच्या खोलीत राहायची. हेस्टरच्या छातीत कफ भरतो. डॉक्टरांनी सांगितलंय, आणखी एक हिवाळा त्या ओलीत काढला तर पोर हाती लागणार नाही. घरं वाटणाऱ्या समितीने त्यांना पहिला नंबर दिला तो म्हणूनच.

किल्ली द्यायला मी गेले होते. मिसेस क्लेगने खिडकी पाहिली नाही, चूलही पाहिली नाही. आधी भिंतीला तळहात लावला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मग दुसऱ्या भिंतीला. मग जिन्याखालच्या भिंतीला.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

"अहो, नवीच आहे ना."

"नव्या भिंतीही पाहिल्यात बाई मी," ती म्हणाली. मग हेस्टरचा हात धरून तोही भिंतीवर ठेवला. मी बाहेर अंगणात आले. मला बरं वाटत होतं, आणि त्यात थोडा गर्वही होता.

२३ सप्टेंबर

आज दुकानापाशी मिसेस क्लेग भेटली. "बाई, एक विचारू का? ती अकरा मिनिटं कुणी काढली?"

"मीच," मी म्हणाले.

"मला नाही होत अकरात. मी साडेपाचला बाहेर पडते. बाळाला फाटकाजवळच्या आजीबाईंकडे टाकायचं आणि आत जायचं. या आठवड्यात दोनदा फाटक तोंडावर लागलं."

फाटक सहाला बंद होतं. एकदा लागलं की न्याहारीच्या सुट्टीपर्यंत उघडत नाही, आणि पाव दिवसाची मजुरी बुडते. तसं चौथ्यांदा झालं की नोकरीच जाते. मी तिला पत्रक दाखवलं, समजावूनही सांगितलं. सकाळी बायका घोळक्याने निघतात, बोलत बोलत पावलं मंदावतात, आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

तिच्याबरोबर मिसेस टॅटर्सल होत्या, शेजारच्या घरातल्या. त्या मोठ्याने हसल्या. "ऐकलंस ॲनिस? आपण गप्पा मारतो म्हणे! त्या चढावर मला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि म्हणे गप्पा!"

मीही हसले. बरी माणसं आहेत. सवय झाली की होईल सगळं.

१० ऑक्टोबर

हिरवळीच्या कुंपणाला कुणीतरी भगदाड पाडलं आहे. कोयत्याने फांद्या छाटल्यात आणि गवतावरून तिरकी पायवाट पडली आहे, चिखलाची, पार गिरणीच्या बाजूपर्यंत. मिस्टर पार्जेटर जेवले नाहीत. ते कुंपण तीन वर्षं वाढवलेलं, आणि तो वळसा तर त्यांच्या सगळ्या नकाशाचा जीव. "सरळ वाट माणसाला हाकलते, मिस डेंट," ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "आणि आपण इथे कुणाला हाकलायला आलो नाही."

मी सूचना लिहून दुकानाच्या दारावर लावली. कुंपण सर्वांचं आहे, नुकसान करणाऱ्याला घर सोडावं लागेल, वगैरे. अक्षर छान आलं होतं.

१९ ऑक्टोबर

माळ्याने पहाटे पाळत ठेवून मिसेस क्लेगला पकडलं. मागे सात-आठ बायका होत्या म्हणे, पण कोयता तिच्या हातात.

संध्याकाळी समितीपुढे तिला बोलावलं. मी नेहमीप्रमाणे नोंदवही घेऊन टेबलाच्या टोकाला. अध्यक्ष मिस्टर ऑर्मरॉड कापडाचे व्यापारी, प्रार्थनेला नेमाने जाणारे, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ.

"हे तुम्ही केलंत का?"

"हो."

"का?"

"वाट लांब आहे. वेळेत पोचत नाही."

मिस्टर ऑर्मरॉडनी चष्मा लावून पत्रक उघडलं. "तुमच्या दारापासून अकरा मिनिटं आहेत, मिसेस क्लेग. इथे छापलं आहे. घड्याळ लावून प्रत्यक्ष चालून मोजलेलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. दुकानात वजन करताना आपण काट्याकडे पाहतो, तसं. मी नोंदवहीत पाहिलं.

"मग तो कागद खोटा आहे," ती म्हणाली.

खोल्या स्वच्छ, भाडं वेळेवर, तक्रार नाही, हे सगळं तिच्या बाजूने बोललं गेलं. पण कुंपण तोडलं आणि वर समितीपुढे खोटं बोलली, हे मिस्टर ऑर्मरॉडना फार लागलं. नोव्हेंबरअखेर घर सोडावं. मी नोंदवहीत लिहिलं: 'अंतराची सबब अमान्य.'

२० ऑक्टोबर

डोकं दुखतंय म्हणून कळवलं, ऑफिसला गेले नाही. डोकं दुखत नव्हतं.

२२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी कुणी नसताना खालच्या ओळीपासून चालले. एकोणीस मिनिटं.

घड्याळ बंद पडलं असेल म्हणून कानाला लावून पाहिलं. परत जाऊन पुन्हा निघाले, भरभर, जवळजवळ पळत. अठरा.

ओढ्यापासून हिरवळीपर्यंत अंगावर येणारा चढ आहे. नकाशाच्या कागदाला चढ नसतो, दोरा त्यावर सपाट झोपतो. वरच्या वळणावर पाणी साठतं, तिथे फळीवरून एकेकाने जावं लागतं. हे सगळं जूनमध्येही होतं. मी एकदा खाली उतरले असते तरी पुरे होतं.

तिसऱ्या वेळी घरून शालीत बटाटे बांधून आणले, बाळाच्या वजनाचे, आणि कडेवर घेतले. अजून दिवस होता. चढावर मिसेस टॅटर्सल समोरून आल्या. थांबल्या. शालीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"काय नाव ठेवलंत बाई बाळाचं?"

मी शालीची गाठ घट्ट केली.

"तोंडावरून पदर काढा शालीचा, गुदमरेल हो ते," असं म्हणून त्या हसत निघाल्या. चार पावलं गेल्यावर त्यांच्या हसण्याचा आवाज थांबला. मला वाटतं त्यांना कळलं.

तेवीस मिनिटं.

हे सपाट तळव्यांच्या बुटांनी, दिवसाउजेडी. त्या बायका लाकडी तळव्यांचे बूट घालून, अंधारात, कंदील धरून निघतात.

२४ ऑक्टोबर

मिस्टर पार्जेटरना सांगितलं. दोऱ्याचं, फोडाचं, बटाट्यांचं. त्यांनी नकाशा पुढे ओढून खालची ओळ पाहिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही थकला होता," ते म्हणाले. "नऊ दिवस उन्हात चालत होता. चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं."

मग म्हणाले, अकरा नोव्हेंबरला लंडनहून मंडळी येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर आणखी तीन गावांना अशा वसाहती होतील. शेकडो कुटुंबं तळघरांतून बाहेर येतील. आज खालची ओळ चुकली म्हटलं की ते बाकीच्या अठ्ठ्याण्णव घरांचे आकडेही मानणार नाहीत. "पाहुणे जाऊ देत. मग आपण क्लेगबाईंचं शांतपणे बघू. मी स्वतः ऑर्मरॉडशी बोलेन."

मी बरं म्हणाले. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. ते हलकं वाटणंच इथे लिहून ठेवते.

२ नोव्हेंबर

समितीची बैठक. कचऱ्याचे डबे, शाळेची घंटा, हिरवळीवर वासरं शिरली. भगदाडाला काटेरी तार लावून झाली असं माळ्याने सांगितलं. "आणखी काही?" मिस्टर ऑर्मरॉडनी विचारलं. त्यांची नजर टेबलावरून फिरत माझ्यापर्यंत आली आणि मी टाक पुसला.

५ नोव्हेंबर

शेकोटीचा दिवस, दर पाच नोव्हेंबरला जाळ करायची इथली जुनी चाल. खालच्या ओळीतल्या मुलांनी ओढ्याकाठी जाळ केला होता. मी जाणार नव्हते, पण घरात बसवेना. मिसेस क्लेग सगळ्यांना काकवी घातलेल्या ओटच्या केकच्या वड्या वाटत होती. माझ्यापुढेही ताट धरलं.

"घ्या बाई. चिकटतो दाताला, पण गोड आहे."

हेस्टर गालांवर रंग चढून जाळाभोवती धावत होती. खोकत नव्हती. मी ते म्हणाले. म्हणायला नको होतं.

"हो ना," मिसेस क्लेग म्हणाली. "तीन आठवडे झाले, रात्रभर सलग झोपते. आम्हाला गावातली जुनीच खोली परत मिळतेय. मालक म्हणाला, पुढच्या भिंतीला डांबर फासून देतो." मग म्हणाली, "डांबराने काही होत नाही."

मी केक तोंडात धरून उभी राहिले. खरोखरच चिकटतो. निघताना तिने हेस्टरला हाक मारली, "अगं ए, बाईंना शुभरात्री म्हण." हेस्टर म्हणाली. तिला माहीत नाही अकराचा आकडा माझा आहे ते. तिच्या आईला माहीत आहे, तरी तिने म्हणायला लावलं.

११ नोव्हेंबर

पाहुणे येऊन गेले. चौदा जण. वाट दाखवायचं काम माझं. शाळा आवडली, दुकानाचा ओटा आवडला, वळणं तर फारच आवडली. हिरवळीपाशी करड्या टोपीतल्या एका वयस्क बाईंनी खाली बोट दाखवलं. "ती शेवटची घरं बरीच खोलात वाटतात. तिथल्या बायकांना गिरणीला जायला किती वेळ लागतो?"

त्यांनी अगदी नीट विचारलं होतं. उत्तराची वाट पाहत होत्या. मिस्टर पार्जेटर दोन पावलांवर होते आणि तेही थांबले.

"अकरा मिनिटं," मी म्हणाले.

जूनमध्ये मी चुकले होते. आज खोटं बोलले. दोन्हीत फरक आहे एवढं मला कळतं, आणि कळूनही जीभ अडखळली नाही, आवाजसुद्धा नेहमीचा होता. त्या बाईंनी आपल्या छोट्या वहीत लिहून घेतलं.

१३ नोव्हेंबर

मिस्टर पार्जेटर ऑर्मरॉडशी बोलले का, विचारलं. "या आठवड्यात लंडनचं पत्र येईल," ते म्हणाले. ते वाईट नाहीत. हे वाक्य गेल्या तीन आठवड्यांत मी मनात किती वेळा म्हटलं असेन. स्वतःबद्दल तर त्याहून जास्त.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

बैठकीत मिस्टर ऑर्मरॉडनी "आणखी काही?" म्हटल्यावर मी उठले. नोंदवही हातातच होती, तिच्यातच पाहून बोलले. खालच्या ओळीचे आकडे मी चालून काढले नव्हते. खरा वेळ एकोणीस मिनिटं आहे, मूल कडेवर असलं तर तेवीस. मिसेस क्लेग खोटं बोलली नव्हती. मी बोलले होते, आणि पाहुण्यांपुढे पुन्हा बोलले.

मग मिस्टर ऑर्मरॉडनी हळूच विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं, मिस डेंट?"

"बावीस ऑक्टोबरला."

"मिस्टर पार्जेटरना माहीत होतं?"

मी बोलण्याआधीच मिस्टर पार्जेटर म्हणाले, "होतं." त्यांचे हात टेबलावर होते आणि ते हातांकडेच पाहत होते.

मग वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, अंतर कितीही असो, कुंपण तर तोडलंच. आमच्यातले सुतार मिस्टर हार्गन एरवी तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "दार ठेवलं असतं तर बाईने कोयता कशाला उचलला असता? मी करून देतो दार. शनिवारी." चार विरुद्ध तीन मतांनी नोटीस मागे घेतली. मिस्टर ऑर्मरॉडनी मत दिलं ते नोटिशीच्या बाजूने. मला वाटतं, आपण एका खऱ्या बाईला खोटं म्हटलं हे त्यांना अजून मानवलेलं नाही.

नोंद मीच लिहिली. 'अंतराची सबब मान्य. आकडा चुकीचा, काढणारी: एम. डेंट.' मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले, नावाची गरज नाही. मी म्हणाले, राहू द्या.

बाहेर मिस्टर पार्जेटर हातमोजे घालत होते. "सगळी घरं परत चालून मोजावी लागतील," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून."

"हो."

"तुम्ही एकदा खाली उतरायला हवं होतं, मिस डेंट."

"हो."

मिसेस क्लेग बैठकीला आली नव्हती. त्यांच्यासमोर पुन्हा बसणार नाही म्हणाली होती. निरोप द्यायला हार्गन तयार होते. मी म्हणाले, मीच सांगेन.

१७ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचच्या आत खाली पोचायचं ठरवलं होतं. पोचले तेव्हा ती दार ओढून घेत होती. बाळ शालीत, हातात कंदील. शेजारच्या बायका पुढे निघून चढाला लागल्या होत्या. तिच्या मागे ओट्यावर तीन खोकी दोरीने बांधलेली दिसली, वर उलटी घातलेली कढई.

मी सांगितलं. घर राहिलं आहे, नोटीस रद्द झाली, शनिवारी कुंपणाला दार होईल.

तिने मागे वळून खोक्यांकडे पाहिलं. "म्हणजे सोडायची ही?"

"हो. सोडा."

"बरं." मग म्हणाली, "कसं काय फिरले ते एकदम?"

इथे थांबता आलं असतं. पण मला सगळं सांगायचं होतं, जवळजवळ चार आठवडे ते साठलं होतं. टाचेचा फोड, दोरा, बटाटे, पाहुणे. मी सांगत गेले आणि ती कंदील या हातातून त्या हातात घेत ऐकत राहिली. बाळ कुरकुरलं, तिने त्याला झुलवलं. मला वाटतं मी रडलेही थोडी.

"बावीस ऑक्टोबर," ती म्हणाली. बोटांवर मोजल्यासारखं केलं. "मी हेस्टरला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. घर सोडायचंय म्हणून. पोरीने परवा शाळेत बाईंची पाटी परत केली, मैत्रिणींचा निरोप घेतला. घरी येऊन मला म्हणाली, आई, मी तळघरात खोकणार नाही, तू काळजी करू नकोस."

"मिसेस क्लेग, मी..."

"बाजूला व्हा बाई," ती म्हणाली. "उशीर होतोय."

ती वाटेला लागली. मी मागोमाग गेले. का ते सांगता येणार नाही. बाळ घ्यावं, कंदील तरी धरावा, असं काहीतरी. चढावर तिच्या लाकडी तळव्यांचा आवाज आधी माझ्या पुढे दहा पावलं होता, मग वीस, मग फक्त कंदील दिसत राहिला, आणि फळीच्या वळणावर तोही दिसेनासा झाला. ती थांबली नाही, वळूनही पाहिलं नाही. मी गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते तेव्हा भोंगा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ फाटक लागल्याचा लोखंडी आवाज.

ती आत पोचली होती की नाही, ते तिथून दिसत नव्हतं. मी तिला दारात किती वेळ उभं केलं होतं, ते मी घड्याळात पाहिलं नव्हतं.